पंचवीस मीटरचा वाद

वाद केबलचा होता आणि पैसे माझे, म्हणून दोघांच्या मधे बसून सगळं ऐकून घेणं मला भाग होतं. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळुणात वीज गेली, मोबाइल मुके झाले आणि वाशिष्ठीच्या पलीकडच्या नातेवाइकांची खबर लागेना, तेव्हापासून लेकीच्या डोक्यात हॅम रेडिओ होता. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी झाल्यावर तिने परवाना काढला. तिचा मामा, म्हणजे माझा मेहुणा, आधी केबल टीव्ही, मग डिश आणि आता सीसीटीव्ही अशा धंद्यात. त्याच्या हातून किती वायर गेली असेल याचा हिशेब त्यालाही नाही. सेट तळमजल्यावरच्या खोलीत, अँटेना गच्चीवर टाकीशेजारच्या पाइपावर, मधे भिंतीवरून उतरणारी 25 मीटरची वाट. लेकीला 145 मेगाहर्ट्झवर बोलायचं होतं, 435 च्या आसपास उपग्रह ऐकायचे होते, आणि जमलं तर 1090 वर विमानं टिपायची होती.

मामा: यात प्रश्न कसला? माझ्याकडे एका हापिसातून काढलेली आरजी-58 पडली आहे. पूर्वी कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला हीच असायची, दोन्ही टोकांना बीएनसी. 50 ओहम. तुझा सेट 50, तुझा अँटेना 50. फुकट आहे, लाव नि मोकळी हो.

भाची: मामा, ओहम जुळले म्हणजे काम झालं असं नाही ना. 145 वर आरजी-58 शंभर मीटरला वीसेक डेसिबल खाते. आपली 25 मीटर, म्हणजे 5 डेसिबल. सेटने 25 वॅट सोडले तर अँटेनाला आठ मिळणार. 435 वर तर नऊच्या वर जातात. पंचविसातले तीन वॅट वर.

मामा: आणि बाकीचे कुठे जातात?

भाची: केबल तापवण्यात.

मामा: आजवर कुठली केबल माझ्या हाताला गरम लागली नाही.

भाची: सतरा वॅट पंचवीस मीटरवर पसरले तर कशी लागेल? सरासरी मीटरला पाऊण वॅटसुद्धा नाही.

मामा: तू आकडे सांगू नकोस, मीटर लाव. एसडब्ल्यूआर चांगला आला तर माझी वायर चांगली.

रोल आला. बरोबर 25 मीटर मोजून तुकडा काढला. लेकीने तळहाताएवढा मीटर, नॅनोव्हीएनए, काढून एक टोक त्याला जोडलं आणि दुसरं टोक तसंच फरशीवर सोडलं. अँटेना नाही, डमी लोड नाही. उघड्या टोकावरून सगळी ऊर्जा परत फिरते, त्यामुळे एसडब्ल्यूआरचा, म्हणजे किती परत फिरतं त्या मापाचा, आकडा आभाळाला भिडायला हवा. 145 वर पडद्यावर 1.9 उमटलं. 435 वर 1.3.

मामा: झकास! 435 ला दीडच्या आत आहे. अजून काय पाहिजे?

भाची: मामा, टोकाला काही लावलेलंच नाहीये.

जाताना नऊ डेसिबल गेले, येताना पुन्हा नऊ. परत आलेलं इतकं क्षीण, की मीटरला वाटलं काही परत आलंच नाही, म्हणजे सगळं अँटेनाने घेतलं. गच्चीवर अँटेना पाइपासकट पडला असता तरी खाली मीटरने हाच दाखला दिला असता. खराब केबल मीटरला खूश ठेवते, हे मला त्या दिवशी कळलं. एसडब्ल्यूआर पाहायचा तर अँटेनाच्या पायथ्याशी. तळमजल्यावरचा आकडा बघून समाधान मानणाऱ्यांनी आधी केबल किती खाते ते तपासावं.

मामाने रोल गुंडाळून बाजूला ठेवला. हार मानली असं मात्र अजिबात नाही.

मामा: बरं, ही गेली. मग आरजी-6 टाक, आपली डिशची.

भाची: 75 ओहमची? मी आरजी-213 म्हणत होते. नाहीतर एलएमआर-400.

मामा: तुझ्या तक्त्यात आरजी-6 चा आकडा बघ आधी.

तिने बघितला. 145 वर शंभर मीटरला आठच्या आसपास. आरजी-213 चा साडेआठ. म्हणजे दहा मिलिमीटर जाडीची, वळवताना मनगट दुखवणारी आरजी-213 आणि सात मिलिमीटरची डिशची वायर शर्यतीत जवळजवळ बरोबरीत; पंचवीस मीटरवर दोघी साधारण दोन डेसिबल खाणार, पंचविसातले पंधरा-सोळा वॅट वर पोचवणार. (आकडे बनवणाऱ्यागणिक थोडे हलतात, पण क्रम हाच राहतो.)

मामा: आता बोल.

भाची: कारण उघड आहे. 213 च्या पोटात भरीव पॉलिथिलीन, आरजी-6 मधे फोम, म्हणजे पुष्कळशी हवाच. वर गुळगुळीत फॉइल. आणि 75 ओहमवर तेवढीच पॉवर न्यायला करंट कमी लागतो. पण मामा, एलएमआर-400 ला 145 वर शंभर मीटरला पाच. तिथे तुमची डिश हरते.

मामा: तिथे तुझ्या बापाचा खिसाही हरतो.

इथे थोडं थांबतो, कारण 50 आणि 75 हे आकडे आकाशातून पडल्यासारखे बोलले जातात आणि जाडीशी त्यांची सर्रास गल्लत होते. मधली तार, तिच्याभोवती प्लास्टिक, त्यावर जाळी, सगळ्याचा मध्य एकच: असल्या तारेचं पेटंट ऑलिव्हर हेविसाइड याने इंग्लंडमध्ये 1880 सालीच घेतलं होतं. तिचा ओहमचा आकडा ठरतो तो जाळीचा व्यास आणि मधल्या तारेचा व्यास यांच्या गुणोत्तरावर, आणि मधे काय भरलंय त्यावर. म्हणून करंगळीहून बारीक केबलही 50 ओहमची असते आणि अंगठ्याएवढीही. जाडीने फरक पडतो तो घटीत. मधे नुसती हवा धरली तर जास्तीत जास्त पॉवर 30 ओहमच्या आसपास नेता येते, आणि सगळ्यात कमी घट 77 च्या आसपास होते. ट्रान्समीटरवाल्यांनी दोन्हींच्या मधला 50 धरला. टीव्हीवाल्यांना वॅट पाठवायचेच नव्हते, हाती आलेले मायक्रोव्होल्ट तेवढे वाचवायचे होते. ते 75 कडे गेले. आरजी-58, आरजी-213 ही नावं अमेरिकन सैन्याच्या यादीतली. आज ती कोणीही कशावरही छापतो, हे मामाचं दुखणं, त्याकडे येतोच.

भाची: आकडा मान्य. पण 50 चा अँटेना आणि 75 ची केबल, त्या सांध्यावर सिग्नल मागे फिरतो त्याचं काय?

मामा: किती फिरतो?

भाची: चार टक्के.

मामा: चार टक्क्यांसाठी तू माझी केबल नाकारतेस?

भाची: पूर्ण ऐका तरी. लांबी पाव तरंगाच्या विषम पटीत पडली, तर खाली सेटला 50 ओहम दिसत नाहीत, 112 दिसतात. केबलच्या घटीमुळे त्यातले थोडे उतरतील, तरी एसडब्ल्यूआर दोनच्या जवळ. एवढा दिसला की बरेच सेट स्वतःला वाचवायला पॉवर उतरवतात. मग कसले सोळा वॅट?

मामा: अगं, मग अर्ध्या तरंगाच्या पटीत काप ना. तशी कापली की वरचे 50 खाली 50 च दिसतात. अँटेनावाल्यांचा जुना हिशेब आहे हा. 145 ला अर्धा तरंग हवेत 103 सेंटिमीटर, फोमच्या केबलमधे 86. त्याचे 29 घे, झाले पंचवीस मीटर. आणि 435 म्हणजे बरोबर 145 च्या तिप्पट, तिथेही तीच लांबी चालते.

लेक गप्प झाली. मला वाटलं, संपला वाद. तिने कागद ओढला.

भाची: 86 कुठून आणलेत? वेगाचा गुणक 0.83 धरून. फोमच्या केबलचा तो 0.82 असतो नाहीतर 0.85 ही असतो. एका तुकड्यात हा फरक तीन सेंटिमीटरचा. तो 29 वेळा साठला की जवळजवळ आख्खा अर्धा तरंग इकडचा तिकडे. टेपने मोजून कापाल तर कुठे पडाल ते देव जाणे. व्हीएनए लावून थोडी थोडी छाटायला हवी.

मामा: मग छाट. नाहीतर 50 चा तो विकतचा अँटेनाच नको. दोन पाइपांचा उभा डायपोल मी करून देतो. मोकळ्या जागेत डायपोल 73 ओहमचा असतो. वर 73, केबल 75, खाली सेटपाशी दीडचा एसडब्ल्यूआर, लांबी काहीही असो. दीडला सेट कुरकुरत नाही.

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं तर असायचं कारणही नाही. मेहुण्याची ही युक्ती पुस्तकातही बसते. आपण केबल अँटेनाला जुळवत बसतो. अँटेना केबलला जुळवता येतो हे पटकन सुचत नाही.

पण मग प्रश्न उरला, कुठली आरजी-6? मामाने पिशवीतून दोन तुकडे काढले. दोन्ही काळे, दोन्हींवर पांढऱ्या अक्षरांत तेच नाव. कटरने त्याने दोन्हींची कातडी इंचभर सोलली. पहिल्यात जाळी अशी विरळ की खालची फॉइल सरळ दिसत होती. तारा मोजायला गेलो तर मोजून संपल्या. फॉइल फोमला चिकटलेली नव्हती, बोटाने सरकत होती. दुसऱ्यात जाळी दाट, फॉइल फोमशी एकजीव, आणि फोममधे नख रुतवलं तर खळगा पडून हळूहळू भरून येत होता. पहिल्याचा फोम दाबला तसाच राहिला. मग त्याने मधली तार ब्लेडने खरवडली. तांब्याखाली पांढरं निघालं. चुंबक लावला, चिकटला.

भाची: ही तर लोखंडाची!

मामा: चिकटली ती पोलादाची, तांब्याचा मुलामा दिलेली. ती चालते. पांढरं निघून चुंबक चिकटला नाही तर आतून अॅल्युमिनियम. दोन वेळा वाकवली की तुटते. तपकीर गल्लीत काय नि लॅमिंग्टन रोडवर काय, पन्नास दुकानांत पन्नास भाव मिळतील. वजन बघायचं, सोलून बघायचं, मग बंडल उचलायचं.

भाची: हो, पोलाद चालेल. 145 वर करंट तांब्याच्या वरच्या साडेपाच मायक्रॉनातच वाहतो, आतल्या पोलादाला त्याचा पत्ताही नसतो. पण उद्या मला 7 मेगाहर्ट्झवर जायचं झालं तर तो पंचवीस मायक्रॉन खोल उतरेल. मुलामा पातळ असला तर पोलाद खायला लागेल.

मामा: आणि डीसी तर आख्ख्या तारेतून जातो, ते विसरू नकोस. डिशच्या एलएनबीला वीज याच तारेतून चढते. 13 व्होल्ट दिले की उभं ध्रुवीकरण, 18 दिले की आडवं. लांब केबल नि हलका कोअर असला की 18 वर पोचेपर्यंत इतके घसरतात की एलएनबीला वाटतं 13 च आले. अर्धे चॅनल गायब. गिऱ्हाईक म्हणतं बॉक्स बिघडला.

भाची: मामा, त्या एलएनबीचंच मला म्हणायचंय! बोलण्याचं ठीक आहे, वॅट कमी-जास्त. पण ऐकायचं तर पहिल्या अॅम्प्लिफायरच्या आधी जेवढं गेलं तेवढं कायमचं गेलं. खाली अॅम्प्लिफायर लावला तर तो सिग्नलही वाढवतो आणि गोंगाटही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या 45 मीटरच्या तीस डिश आहेत. तिथे कमी गोंगाटाचे अॅम्प्लिफायर वर, फोकसपाशीच बसवलेत. आणि डिशपासून मध्यवर्ती इमारतीपर्यंत सिग्नल जातो तो ऑप्टिकल फायबरने.

मामा: मग आम्ही वेगळं काय करतो? बाराच्या घरातले गिगाहर्ट्झ आकाशातून येतात. ते तसेच केबलमधे घातले तर दहा मीटरवर खेळ खलास. म्हणून एलएनबी ते वरच वाढवते, 950 ते 2150 मेगाहर्ट्झपर्यंत उतरवते, आणि मग केबलला देते. पोस्टर लावून कोणाला सांगत नाही एवढंच.

दोघं पहिल्यांदा एका बाजूला आले, म्हणून मीही तोंड घातलं. विमानांच्या 1090 साठी काय? लेक म्हणाली, पंचवीस मीटर आरजी-6 वर साडेपाच डेसिबल, म्हणजे पाऊण सिग्नल गेलाच. एकतर वर अॅम्प्लिफायर, नाहीतर रेडिओ ऐकायचा डोंगल आणि छोटा कॉम्प्युटरच वर पेटीत ठेवून खाली नेटवर्कची वायर आणायची. मामा म्हणाला, मे महिन्यात गच्चीवरच्या बंद पेटीत हात घालून दाखव, मग कॉम्प्युटर ठेव. याउलट 7 मेगाहर्ट्झसारख्या खालच्या पट्ट्यांवर आकाशातूनच इतका गोंगाट येतो, की केबलने दोन-तीन डेसिबल खाल्ले तरी ऐकण्यात फरक पडत नाही; सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच उतरतात. फ्रिक्वेन्सी न सांगता चांगली केबल मागणाऱ्याला म्हणून दुकानदार हाताला लागेल ती देतो.

मग मी विचारलं, की पुरात उपयोगी पडावा म्हणून घेतलेला सेट चिपळुणात तळमजल्यावर कोण ठेवतं? वरच्या खोलीत ठेवला तर?

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. वाट 25 ची 9 मीटर झाली. लेकीने परत आकडे मांडले. आरजी-6 वर 145 ला पाऊण डेसिबलही नाही. एलएमआर-400 अर्ध्याच्या आत, आणि नऊ मीटरच घ्यायची तर माझा खिसा वाचतो. पेटीतला कॉम्प्युटर बाद.

मामा: मग माझा रोल? नऊ मीटरवर?

भाची: 145 ला चालेलही. 435 ला तीन डेसिबलच्या वर, निम्म्याहून जास्त गेलं. नको.

पण एलएमआरला तो सहज तयार झाला नाही. त्याचं म्हणणं, तीन आकडी नावाच्या केबलपेक्षा इथे पाऊस मोठा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. त्याने पिशवीतून तिसरा तुकडा काढला: कुठल्यातरी गच्चीवरून एका पावसाळ्यानंतर कापून आणलेला. सोलल्यावर आतली जाळी चकाकत नव्हती, काळी पडून भुग्यासारखी बोटाला लागत होती. फॉइलला पांढरे फोड. तोंडापासून दोन हातांवर कापलं तरी तेच. पाणी कनेक्टरच्या मागून शिरतं आणि जाळी ते वातीसारखं आत ओढते. फोममधे ओल गेली की ओहमचा आकडा बिघडतो, घट वाढते, आणि कितीही वाळवा, ती केबल परत सुधारत नाही.

भाची: म्हणून मी एन कनेक्टर म्हणते. त्यात रबरी वॉशर असतो, पाण्याला तोंड देतो. सेटमागचा तो पीएल-259 वर गच्चीवर नको.

मामा: एन लाव, पीएल लाव, मी दोन्हीवर टेप मारणार. आधी रबराची, जी ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटते. तिच्यावर काळी पीव्हीसी, खालून वर गुंडाळायची, म्हणजे कौलासारखी पाणी बाहेर टाकते. एमसील नको, परत उघडायची वेळ आली की कनेक्टरासकट कापावी लागते. आणि खिडकीतून आत घ्यायच्या आधी केबलला खाली झोळ द्यायचा, पाणी तिथे गळून पडतं. झोळ नसला तर ते केबलवरून चालत तुझ्या सेटपर्यंत येतं.

भाची: आणि वीज कडाडायला लागली की?

मामा: ढग दिसले की कनेक्टर काढायचा, खोलीतच लोंबत ठेवायचा नाही, खिडकीबाहेर सोडायचा. जाळीला अर्थिंग वेगळं. त्यात काटकसर चालणार नाही, दाजींना सांग.

दाजी म्हणजे मी, समोरच बसलेला.

ठरलं ते असं: बोलायला नऊ मीटर एलएमआर-400, वर एन कनेक्टर. ऐकायला वेगळी आरजी-6, चांगल्या तुकड्याच्या बंडलातली, एफ कनेक्टर दाबून बसवलेला. कारण तिची अॅल्युमिनियमची जाळी सोल्डर धरत नाही. माझ्या मते दुसरी केबल लेकीने मामाचं मन राखायला मान्य केली. ती म्हणते तसं नाही, तिच्या डोंगलला 75 ओहम चालतंच. डायपोल कोण करणार यावर अजून बोलणी चालू आहेत.

भाची: लावल्यावर मी वर जाऊन अँटेनापाशी एकदा मोजणार, खाली एकदा.

मामा: दोन्ही आकडे टेपवर मार्करने लिहून ठेव, तारखेसकट. दिवाळीनंतर परत मोज. अँटेना काढून टोक उघडं ठेवूनही दोन्ही वेळा मोज, मगाशी मोजलंस तसं. आकडा उतरलेला दिसला तर पाणी गेलंय समज, आणि वरून दोन हात काप. झोळात तेवढी जास्तीची सोडूनच लावतो.